काळ्या मातीत आणि खानदेशी उन्हात हार्डनबर्जियाचा वेल टिकेल काय?

बोरीकाठ (अमळनेर)

सर्व सभासदांना नमस्कार.

हार्डनबर्जिया व्हायोलेसिया हा जांभळ्या फुलांचा ऑस्ट्रेलियन वेल आपल्या भागात कोणी लावला आहे काय, आणि लावला असल्यास उन्हाळा व पावसाळा हे दोन्ही ऋतू त्याने कसे काढले, हे मला जाणून घ्यायचे आहे. मुलगी सिडनीला असते. तिच्याकडे ऑगस्टमध्ये हा वेल कुंपणावर बहरलेला पाहिला आणि तो मनात भरला. अलीकडे बंगळूरच्या एका रोपवाटिकेतून त्याचे एक रोप मिळाले. ते अजून काळ्या पिशवीतच असून हातभर उंच झाले आहे. पाने लांबट, जाड, टोकाकडे निमुळती आहेत आणि देठाला एकच पान आहे, त्रिदल नाही.

आमच्या अंगणाची जमीन काळी, खोल आणि चिकण आहे. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल चपलेला सोडत नाही. घराच्या पश्चिमेला ओटा असून त्यावर लोखंडी पाइपांचा मांडव आहे. हा वेल त्या मांडवावर चढवून दुपारनंतरचे ऊन अडवावे, असा विचार आहे. बोअरचे पाणी जड आहे. माठावर आणि नळावर त्याचा पांढरा थर बसतो.

काळजीची गोष्ट अशी की, गेल्या काही आठवड्यांत शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडू लागली आहेत, मात्र त्यांच्या शिरा हिरव्याच आहेत. खालची जुनी पाने धडधाकट दिसतात. गावातल्या एका दुकानदाराने मूठभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे खत) टाकायला सांगितले, पण हात धजला नाही. निवृत्त शिक्षक असल्यामुळे निगा राखायला माझ्याकडे वेळ भरपूर आहे. फक्त दिशा योग्य हवी.

---

पांझरेकाठ (धुळे)

नमस्कार सर. डीएपी टाकले नाही ते उत्तम झाले. त्याचे कारण पुढे सांगतो, आधी उन्हाविषयी बोलू.

आपण उन्हाची जेवढी धास्ती घेतली आहे तेवढी घेण्याचे कारण नाही. हा वेल अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्ससारख्या वाळवंटी शहरातही बागांमध्ये सर्रास लावतात. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा मुळीच सौम्य नाही. २६ जून १९९० रोजी त्या शहरात ५० अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. मात्र तिथे वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर आपल्या जळगाव-धुळ्याकडे त्याच्या तिपटीने, आणि तोही चार महिन्यांत, पाणी लवकर खाली न सोडणाऱ्या काळ्या जमिनीवर. त्यामुळे धास्ती घ्यायची ती श्रावण-भाद्रपदात मुळांशी साचून राहणाऱ्या पाण्याची. क्वीन्सलँडपासून न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया ओलांडून साउथ ऑस्ट्रेलिया व टास्मानियापर्यंत हा वेल रानात आपोआप येतो, आणि तिथे बहुधा निचऱ्याच्या, खडकाळ किंवा वाळूमिश्रित जमिनीत तो रमतो. आठवडाभर पाण्यात उभे राहणे त्याच्या मुळांना ठाऊक नाही. अशा वेळी मुळे कुजतात, पाने मलूल होतात, आणि मलूल पाने पाहून आपण आणखी पाणी घालतो. पावसाळ्यात वेल गेला की लोक हवामानाला बोल लावतात. खरा दोष खड्ड्याचा असतो.

जागा ठरवण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. फूटभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावा. दुसऱ्या खेपेचे पाणी चार-सहा तासांनंतरही खड्ड्यात दिसत असेल, तर त्या जमिनीत खड्डा करून हा वेल लावूच नये. खड्ड्यात नुसती वाळू भरून भागत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे हीच चूक सर्वांत जास्त होते. चिकण मातीत खोदलेला आणि वाळूने भरलेला खड्डा म्हणजे हौदच. चहूबाजूंचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर पडायला वाट सापडत नाही. त्याऐवजी जमिनीच्या वर विटांचा दीड-दोन फूट उंचीचा चौथरा बांधावा आणि त्याचा तळ मोकळा ठेवावा. विटांच्या खालच्या थरात मध्ये मध्ये फटी सोडाव्यात. भरण म्हणून मुरूम, नदीची जाड वाळू आणि पोयटा समप्रमाणात घेऊन त्यात चांगले कुजलेले शेणखत थोडे, फार तर दहाव्या हिश्श्याइतके, मिसळावे. चौथऱ्याचा दुसराही लाभ आहे. काळी जमीन उन्हाळ्यात आकसून फाटते तेव्हा तिच्याबरोबर बारीक मुळेही तुटतात. मुरमाड भरणाला तशा भेगा पडत नाहीत.

आता पिवळेपणाविषयी. कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या आणि जुनी पाने चांगली, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. नत्र (नायट्रोजन) कमी पडले असते तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असता. संत्र्या-मोसंबीच्या बागा असणाऱ्यांना हे चित्र चांगले परिचयाचे आहे. बंगळूरकडची पिशवीतली माती बहुधा लाल असते आणि तिच्यात लोह भरपूर असते. तेव्हा माझा संशय आपल्या बोअरच्या पाण्यावर आहे. जड पाण्यातला चुना पिशवीतल्या मूठभर मातीत साठत जातो, मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढतो आणि मातीत असलेले लोहही मुळांना उचलता येत नाही. अंगणातल्या मातीत चुनखडी आहे की नाही, हे पाहायचे असल्यास वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून कान जवळ न्यावा. बारीक चरचर ऐकू आली आणि फेसाचे बुडबुडे दिसले, तर चुना आहे असे समजावे.

उपाय म्हणून पिशवीला काही दिवस साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. मिळाल्यास चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेले लोह) आणावे, परंतु दुकानात ‘ईडीडीएचए’ असे लिहिलेलेच मागावे. ‘ईडीटीए’ स्वरूपातले लोह चुनखडीच्या जमिनीत फार काळ टिकत नाही. तोवर एक लिटर पाण्यात दोन-तीन ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड विरघळवून सकाळी पानांवर हलकी फवारणी केली, तर नवी पाने हिरवी निघू लागतात. पूर्ण पिवळी पडलेली पाने पुन्हा गर्द होतीलच असे नाही. तिकडे लक्ष देऊ नये.

डीएपीमध्ये ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस, पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेला) असते. ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच जमिनी अतिप्राचीन, झिजलेल्या आणि स्फुरदाला पारख्या आहेत, त्यामुळे तिथल्या अनेक वनस्पती थोडक्या स्फुरदावर जगायला सरावलेल्या असतात. आपल्याकडे बांधावर दिसणारा सिल्व्हर ओक ज्या कुळातला आहे, त्या कुळातल्या कित्येक झाडांना जादा स्फुरद अक्षरशः बाधते. हार्डनबर्जिया तेवढा नाजूक नाही; परंतु जास्तीचे स्फुरद लोहाच्या शोषणात आणखी अडथळा आणते, म्हणजे आपला पिवळेपणा डीएपीने वाढलाच असता. नत्राचीही त्याला फारशी गरज नाही, कारण हा वेल शेंगवर्गीय आहे आणि त्याच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी धरतात. १७९३ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले ते सोयाबीनच्याच प्रजातीत घालून. पुढे १८३७ मध्ये जॉर्ज बेंथम या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली आणि तिला बॅरन ह्युगेल या ऑस्ट्रियन प्रवाशाच्या बहिणीचे, काउंटेस हार्डनबर्गचे, नाव दिले. तेव्हा सोयाबीनला आपण युरियाचे डोस देत बसत नाही, तसेच इथेही वागावे.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

पांझरेकाठ दादांनी निचऱ्याविषयी लिहिले आहे ते सोळा आणे खरे आहे. जागेच्या बाबतीत मात्र सरांनी फेरविचार करावा, असे मला वाटते.

फिनिक्समध्ये हा वेल जगतो हे मान्य. परंतु तिथले जाणकारसुद्धा तो पूर्वेला किंवा उत्तरेला लावायला सांगतात आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपाशी लावू नका, असे बजावतात. हवेचे तापमान एक आणि भिंतीवरून परतणारी धग वेगळी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहावा. क्षणभरही ठेववत नाही. त्यात लोखंडी पाइपही तेवढाच तापतो आणि त्याला टेकलेला कोवळा शेंडा करपून काळा पडतो. सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी एकनंतर सावली येईल, अशी पूर्वेची बाजू या वेलासाठी निवडावी. फुलांसाठी तेवढे ऊन पुरते.

पश्चिमेचे ऊन अडवायचे तर आपली मधुमालती आहे. ती धग सोसते, काळ्या जमिनीत वाढते आणि एकदोन वर्षांत मांडव भरून टाकते. हार्डनबर्जिया साधारण तीन-चार मीटर वाढणारा आटोपशीर वेल आहे. त्याच्याकडून दाट सावलीची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. फुलांसाठी हा आणि सावलीसाठी मधुमालती, अशी वाटणी केली तर दोन्ही हेतू साधतील.

आधाराविषयीही सांगते. या वेलाला तणावे नसतात आणि भिंतीला चिकटणारी मुळेही नसतात. तो स्वतःच्या खोडानेच पीळ घालत चढतो. जाड पाइपाला पीळ घालणे त्याला जमत नाही. पाइपाला लागून किंवा भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून तारा अथवा सुतळीचे उभे दोर ताणावेत. बोटाएवढ्या जाडीच्या आधाराला तो लगेच वेढा घालतो. सुरुवातीचे दोन-तीन शेंडे हाताने दोराकडे वळवून सैल बांधावेत, नंतर त्याचा तो वाट काढतो.

इतर वाचकांसाठी थोडी सावधगिरीची सूचना. ‘ऑस्ट्रेलियन वेल’ या नावाने रोपवाटिकांत काहीही मिळते. पँडोरिया जास्मिनॉइडिस हाही खरा ऑस्ट्रेलियन वेल आहे. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातला. त्याला पांढरी किंवा फिकट गुलाबी, आत गडद गुलाबी कंठ असलेली तुतारीसारखी फुले येतात आणि संयुक्त पानांच्या दलांच्या कडा सरळ, चकचकीत असतात. त्याच्या नावाने बऱ्याचदा पोड्रॅनिया विकला जातो, तो आफ्रिकेचा. त्याच्या दलांच्या कडा दातेरी असतात आणि गुलाबी फुलांत लालसर रेषा असतात. पँडोरिया मूळचा ओलसर रानातला असल्यामुळे त्याला आपल्या उन्हाळी झळांपासून आडोसा आणि नियमित पाणी दोन्ही द्यावे लागते. आमच्या तापीकाठच्या बागायती पट्ट्यात, केळीच्या आडोशाने, तो चांगला होऊ शकतो. सरांच्या रोपाला देठाला एकच लांबट पान आहे, तेव्हा ते हार्डनबर्जियाच असावे. फूल आले की पाकळीच्या बुडाशी पिवळसर हिरवे दोन ठिपके दिसतील. ते पाहून खात्री करून घ्यावी.

---

बोरीकाठ (अमळनेर)

पांझरेकाठ आणि शहाद्याच्या ताई, आपण दोघांनी एवढे सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. ढेकळावर व्हिनेगर टाकून पाहिले. चांगलाच फेस आला. खड्ड्यातले पाणी तर रात्रभर हलले नाही. त्यामुळे चौथऱ्याला पर्याय नाही, हे पटले. पूर्वेला स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी जागा आहे, तिथे गवंड्याला सांगून चौथरा करून घेतो, आणि पश्चिमेच्या मांडवाला मधुमालती लावतो.

आता तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. रोप पिशवीतून चौथऱ्यात केव्हा हलवावे? मुलगी दिवाळीला येणार आहे. ती तिथून या वेलाचे बी आणते म्हणते, तर ते कसे रुजवावे? आणि सिडनीला ऑगस्टमध्ये फुलणारा वेल इथे कोणत्या महिन्यात फुलेल? छाटणीचा हिशेब त्यावरच बसवावा लागेल, असे दिसते.

---

केळीच्या_बांधावर (रावेर)

सर, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्याशी बांधलेली आहेत.

सिडनीतला ऑगस्ट म्हणजे तिथल्या थंडीचा शेवट. हा वेल सरत्या थंडीत आणि वसंताच्या तोंडाशी फुलतो. आपल्याकडे तो काळ साधारण जानेवारीअखेर ते मार्च, म्हणजे माघ-फाल्गुन. या वेलाच्या कळ्या थंडी पडू लागल्यापासून फांद्यांवर धरू लागतात. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत अंगणातल्या सगळ्या झुडपांबरोबर याचीही छाटणी केली, की त्या वर्षीचा बहर कचऱ्याच्या ढिगावर गेला असे समजावे. वेल फुलत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांना मी आधी छाटणीचा महिना विचारतो.

छाटणी फुले गळताच करावी, परंतु इथे आपल्या हवामानाचा पेच आहे. ऑस्ट्रेलियात फुलांनंतर सौम्य वसंत येतो, म्हणून तिथले लोक त्या वेळी वेल निम्म्यावर छाटू शकतात. आपल्याकडे फुलांनंतर थेट एप्रिल येतो. मार्चमध्ये फार छाटला, तर आतापर्यंत पानांच्या सावलीत असलेले जुने खोड उघडे पडते आणि उन्हाने त्याची साल तडकते. म्हणून मार्चमध्ये फक्त वाळलेले घोस, सुकलेल्या काड्या आणि भलतीकडे गेलेले शेंडे काढावेत; एकतृतीयांशाच्या पुढे जाऊ नये. वेलाचे बूड पुढे रिकामे आणि लाकडासारखे होऊ लागले तरी एका वर्षात सगळे कापू नये. दर वर्षी एखादी जुनी फांदी बुडाशी कापली, तर तिथून नवा फुटवा येत राहतो.

रोप हलवण्याची उत्तम वेळ पावसाळा पूर्ण ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतची. ऑक्टोबर हीट उतरू द्यावी. त्यानंतर मुळांना स्थिरावायला थंडीचे चार महिने मिळतात आणि पहिला उन्हाळा वेल नेटाने काढतो. या वेलाला मुळे दुखावलेली चालत नाहीत, म्हणून रोप पिशवीतून ओढून काढू नये. पिशवी ब्लेडने उभी कापून मातीचा गड्डा जसाच्या तसा चौथऱ्यात ठेवावा. खोडाची मातीची रेघ पिशवीत होती त्याच पातळीवर, किंबहुना बोटभर वरच राहावी. खोड मातीत गाडले गेले, की बुरशीला आमंत्रण मिळते. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड सकाळी पाणी द्यावे आणि दुपारच्या वेळी शेडनेटचा एक तुकडा वर बांधावा. दुसऱ्या उन्हाळ्यापासून चार-पाच दिवसांनी, पण खोलवर मुरेल असे पाणी दिले तरी चालते. ठिबकचा ड्रीपर खोडाशी न ठेवता वीतभर लांब ठेवावा. केळीच्या वाळल्या पानांचे आच्छादन आमच्याकडे फुकट मिळते आणि उन्हाळ्यात ते फार उपयोगी पडते, मात्र मृगाच्या आधी ते बाजूला ओढून चौथऱ्याची माती मोकळी करावी, नाहीतर पावसात बुडाशी ओल कोंडते. कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड दिसू शकते. पान पांढऱ्या कागदावर झटकावे. ठिपके चालू लागले, तर कोळी आहे असे समजून पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि संध्याकाळी निंबोळी अर्क फवारावा.

बियाण्याविषयी मात्र मुलीला स्पष्ट सांगावे की, सामानातून बी आणू नये. परदेशातून बी किंवा रोप आणायला २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास विमानतळावर बी जप्त होते. हा नियम मला नुसता कागदी वाटत नाही. बियांबरोबर येणारी बुरशी किंवा विषाणू दिसत नाहीत आणि आपल्या तालुक्याचे पोट शेतीवर चालते.

शिवाय त्याची गरजही नाही. आपला वेल फुलला की त्याला वाटाण्याच्या जातीच्या चपट्या शेंगा येतील. त्या तपकिरी होऊन कडक झाल्या, की उकलून बी उडण्याआधी तोडून कागदी पिशवीत ठेवाव्यात. बियांचे कवच कठीण असते आणि साध्या पाण्याला ते दाद देत नाही. पाणी उकळी येईपर्यंत तापवून चुलीवरून उतरवावे, क्षणभराने बियांवर ओतावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी ज्या बिया फुगून दुप्पट झाल्या असतील त्या पेराव्यात. न फुगलेल्यांवर पुन्हा तोच प्रयोग करावा. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वाळू आणि मुरमाड मातीच्या मिश्रणात, बियाच्या जाडीच्या दुप्पट खोलीवर करावी. दोन ते चार आठवड्यांत कोंब येतात. रोप लहान असतानाच त्याला कायमच्या मोठ्या पिशवीत लावावे, म्हणजे पुन्हा पुन्हा हलवण्याचा त्रास होत नाही.

---

पांझरेकाठ (धुळे)

रावेरच्या भाऊंनी सांगितलेल्यात एकाच गोष्टीची भर घालतो. चौथऱ्याच्या विटा सिमेंटने सांधल्या आणि आतून प्लास्टर केले, तर त्या सिमेंटमधला चुना पाझरत राहतो आणि पिवळेपणा पुन्हा सुरू होतो. सर, गवंड्याला कोरड्या विटाच रचायला सांगाव्यात, किंवा मातीच्या गाऱ्यात रचून घ्याव्यात. जुन्या भिंतीच्या पाडलेल्या विटा वापरणार असाल, तर त्यांना चिकटलेला चुना खरवडून मगच लावाव्यात.

---

बोरीकाठ (अमळनेर)

हे बरे वेळेवर सांगितलेत. गवंडी उद्याच येणार होता आणि सिमेंटची पोती आधीच आणून ठेवली होती. ती आता न्हाणीघराच्या दुरुस्तीला वापरतो. सध्या पिशवीला पावसाचे पाणी चालू आहे आणि फेरस सल्फेटची एक फवारणी झाली आहे. नवे पान अजून उलगडलेले नाही. ऑक्टोबर उलटल्यावर रोप चौथऱ्यात गेले, की छायाचित्र टाकीन.